वाकळेच्या पोटातली वाकळ

वाकळ, म्हणजे जुन्या कापडांचे थर शिवून केलेली गोधडी, शिवायची ती फाल्गुन-चैत्रातच. रब्बीची काढणी उरकलेली असते, बायकांच्या हाताला उसंत असते आणि हवा कोरडी असते. पाणी प्यायलेली वाकळ दोघींनी मिळूनही उचलवत नाही. पावसाळ्यात धुतली तर वाळण्याआधी कुबट वास धरते. म्हणून वाईजवळच्या आमच्या वाकळा शिवायच्या शेडमध्ये होळी ते अक्षय्य तृतीया हीच खरी गर्दी. नेमकी परसबागही तेव्हाच हट्टाला पेटते. दोडका-कारल्याचे वेल मांडवावर चढवायचे, भेंडी-गवारीवर माव्याची कीड आलीय का बघायचं, मोगऱ्याला पाणी चुकवायचं नाही. आमचे हे म्हणतात, दोन्हीपैकी एक काहीतरी धर. ते काही जमायचं नाही. रिठे एकदाच उकळते. त्यातलं निम्मं पाणी जुनी कापडं धुवायला जातं, निम्मं गाळून माव्यावर फवारते.

यंदा रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून एक वहिनी आल्या, सोबत लेक. प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत वाकळ. (जुनं सुती कापड प्लॅस्टिकमध्ये कोंडू नये हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता फक्त पिशवीकडे बघते.) वहिनींचं म्हणणं, ही त्यांच्या आजेसासूबाईंच्या लग्नातली, शंभर-सव्वाशे वर्षांची. लेकीच्या बाळाचं बारसं चैत्रात. "वरून छानसं नवं कापड लावा आणि मशीन मारून द्या. घरातलं काहीतरी जुनं बाळाच्या अंगाखाली असावं."

मशीनला मी नाहीच म्हणते. मशीनची सुई ओळीनं जवळजवळ भोकं पाडते आणि विरलेलं कापड पोस्टाच्या तिकिटासारखं त्याच रेषेवर फाटतं. हाताचा धावदोरा सैल असतो, कापड हललं की तोही जरा हलतो. वहिनींना हे पटलं नाही, पण लेकीला पटलं.

वाकळ चटईवर पसरली. वरचा थर नऊवारीच्या तुकड्यांचा: हिरवे, कुंकवी, मधे मधे इरकली काठ. खालून धोतर. टाके आमच्याकडच्या रीतीनं काठाकडून निघून चौकोनी फेऱ्या घेत मध्यापर्यंत गेलेले. आक्का शेजारी येऊन बसली. आमच्याकडं ती सगळ्यांत जुनी. डोळ्यांना आता कमी दिसतं, सुईत दोरा आम्ही ओवून देतो, पण तिचा तळहात काही चुकत नाही. तिनं काठापासून वीतभर आत बोटं दाबली, तशीच चारही बाजूंनी फिरवली.

"ताई, हिथं शिवण हाय. वरची न्हवं, आतली."

"आतली म्हणजे?"

"हिच्या पोटात दुसरी वाकळ हाय. बघ की हात लावून."

मी हात लावला. आत एक कडक कडा लागत होती, चारी बाजूंनी. जुनी वाकळ विरली की ती टाकत नाहीत, नव्या वाकळेत भर म्हणून घालतात. त्यात नवल काही नाही. पण ऊब देणारी भर म्हणून घातलेली वाकळ सहसा दुमडून, कापून, ठिगळं जोडून घातलेली असते. ही अख्खी होती, सरळ होती, आणि तिच्या भोवती हेतूनं वीतभर जागा सोडलेली होती.

वहिनींना विचारूनच एक बाजू उसवायला घेतली. आधी मोबाइलवर दोन्ही अंगांचे फोटो काढले. मग टाका टाका उचलून दोरा न तोडता पुठ्ठ्यावर गुंडाळत गेले, कारण तोच दोरा परत वापरायचा होता. या कामाला वेळ लागतो. तोवर मायलेकी मांडवाखाली जाऊन बसल्या, लेक कारल्याच्या फुलांचे फोटो काढत होती.

नऊवारीच्या खाली मांजरपाटाचा एक थर निघाला. कोऱ्या गिरणी-कापडाचा, वापरलेला वाटत नव्हता. उजेडाकडं धरला तर कोपऱ्यात निळसर शिक्का. गिरणीचं नाव पुसून गेलेलं, पण खाली दर वाराला (यार्डाला) इतके आणे, असं छापलेलं वाचता येत होतं. मला तेवढं पुरे झालं. आणे १९५७ साली गेले, नवे पैसे आले. आणि गिरणीच्या कापडावर किंमत छापायची सक्ती झाली ती १९४३ मध्ये सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं तेव्हा. युद्धाचे दिवस, कापडाची टंचाई, काळाबाजार. म्हणजे बाहेरची वाकळ त्या चौदा वर्षांतली, फार तर थोडी नंतरची. कोरं कापड घरात पडून राहू शकतं, पण शिक्का पडायच्या आधीची ती काही केल्या असू शकत नाही.

वहिनींना बोलावून सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आजेसासूबाईंच्या लग्नातली नाही?"

"ही नाही. आतली असेल."

आतली दिसली तेव्हा आक्कासुद्धा बोलायची थांबली. हातमागाचं जाडंभरडं कापड, सूत कुठं जाड कुठं बारीक, टाके तांदळाच्या दाण्याएवढे आणि एकसारखे. बाहेरच्या वाकळेचे टाके याच्या दुप्पट लांब आणि घाईचे. दोन वेगळ्या बायकांचे हात. आतल्या वाकळेत सगळं शाबूत होतं, काळे तुकडे सोडून. ते तुकडे बोटानं भुगा होत होते, नुसते उभे धागे टाक्यांना लटकलेले.

"कसर लागली का?" लेकीनं विचारलं.

कसर रंग बघून खात नाही. पूर्वी काळा रंग हिरडा आणि गंजलेल्या लोखंडाच्या पाण्यातून काढत. रंग पक्का बसतो, पण ते लोखंड वर्षानुवर्षं कापसाचा धागा कुरतडत राहतं. म्हणून जुन्या कापडात काळं सगळ्यांत आधी जातं, आणि त्याला खेटून असलेलं कुंकवी ठणठणीत असतं. चंद्रकळेची, म्हणजे काळ्या लुगड्याची, हौस असलेल्या घरातल्या वाकळा मी अशाच भोकांवरून ओळखते.

तिथून पुढं चित्र बरंचसं उलगडलं. काळं झडायला लागलेलं, कापड मिळेना, म्हणून पुढच्या पिढीतल्या कुणीतरी मिळालेला नवा मांजरपाट आधी हिच्या अंगावर घातला आणि मग वर आपल्या लुगड्यांचे धडपे चढवले. वहिनींनी स्वतःहूनच सांगितलं, त्यांच्या सासूबाई लग्न होऊन आल्या त्या १९४६ साली. मी काही बोलले नाही. आक्का बोलली: "सुनंनं सासूला मधी घालून शिवली."

आता पेच होता. लेकीला आतली वाकळ बाहेर काढून फ्रेम करून भिंतीवर हवी होती. वहिनींना ती होती तशी बंद करून हवी होती. माझं मत वहिनींच्या बाजूनं पडलं. अंधारात राहिली म्हणून तर कुंकवी रंग टिकलाय. दिवाणखान्याच्या उजेडात तो विटायला वेळ लागत नाही. शिवाय उभी टांगली की सगळा भार टाक्यांवर येतो, आणि काळ्या तुकड्यांच्या जागी टाक्यांना धरायला कापडच उरलेलं नव्हतं. फ्रेमचा सोस मला एकूणच कमी आहे, हेही खरं.

भुगा झालेल्या जागांवर खालून आणि वरून पातळ मलमल लावून ती नुसती धरून ठेवली. काळं नवं कापड जोडलं नाही. मलमल पांढरीफेक दिसत होती, म्हणून तिला मळकट पिवळी छटा द्यायची होती. दारात पळस फुललेला होता आणि लेकीला त्याचाच रंग हवा होता. पळसाचा पिवळा दिसतो देखणा, पण उन्हात उडून जातो. मी डाळिंबाची सालं घेतली. तुरटीच्या पाण्यातून काढलेली मलमल सालांच्या काढ्यात थोडाच वेळ ठेवली, सावलीत वाळवली. पळसाची फुलं लेक ओंजळभर घेऊन गेली, बाळाच्या धुळवडीचं पाणी करायला म्हणून. धुळवड होऊन गेली होती, पण तिला कुणी ते सांगितलं नाही.

धुतली मात्र नाही. आतल्या वाकळेला पाण्याचं वजनच पेललं नसतं. दोन्ही अंगांना जाळी धरून मऊ ब्रशनं धूळ काढली, तेवढंच.

बाजू परत शिवली ती आक्कानं, गुंडाळून ठेवलेल्या जुन्याच दोऱ्यानं आणि जुन्याच भोकांतून. दोरा दोनदा तुटला, तिथं नवा जोडला. कोपऱ्यात चार बोटं जागा मुद्दाम टाके न घालता नाडी लावून ठेवली, म्हणजे लेकीला बघावंसं वाटलं तर उसवावं लागणार नाही. ही युक्ती लेकीची, माझी नाही. चांगली आहे, पुढंही वापरेन.

बाळाखाली घालायला द्यायचं नाही, हे मात्र मी ठणकावून सांगितलं. जुन्या रंगांवर ओलं होणं, तोंडात काठ जाणं, दोघांनाही बरं नाही. त्याऐवजी वहिनींच्या दोन मऊ सुती साड्या आणि आजोबांचं एक धोतर मागवून घेतलं आणि बारशासाठी छोटी वाकळ शिवायला काढली. साड्यांपैकी एक त्यांना द्यायची नव्हती. पाठवली तिसरीच, पॉलिस्टरची. परत पाठवली.

बारसं आठ दिवसांवर आलंय, सुती साडी अजून यायची आहे, आणि आज दोडक्याचा मांडव एका बाजूनं कलला, तो आधी उभा करायला हवा.