सख्ख्या बहिणीले वळखत नाही

जानेवारीत केळापूर तालुक्यातल्या एका गावात बैलाची खांदेसूज पाहायला गेलो होतो. इंजेक्शन देऊन हात धूत होतो, तेवढ्यात माजघरात मांजरांची अशी जुंपली की कोठ्यातला बैलही बिचकला.

"ते पाहा जी साहेब," आजी म्हणाल्या. "एका विणीच्या बहिणी. परवापावतर एका टोपल्यात झोपत होत्या. आता सख्ख्या बहिणीले वळखत नाही. शहरातून काही लागीर घेऊन आली काय जी?"

घरात तीन मांजरं. एका खोलीत कापूस, दुसरीत तुरीची पोती. उंदरांच्या दिवसांत तीन मांजरं कोणालाच जास्त वाटत नाहीत. काळी आणि चिंगी बहिणी, भुऱ्या नंतर आलेला बोका. चिंगीची शनिवारी नसबंदी झाली. रविवारी संध्याकाळी तिला भाजीच्या क्रेटमधून आणलं आणि माजघराच्या मधोमध क्रेट उघडलं. काळी हुंगायला आली, फुगली, फिसकारली आणि तुटून पडली. ते पाहून भुऱ्याही. रात्री "भांडून भांडून आपोआप गप होतील" म्हणून तिघांना कापसाच्या खोलीत कोंडलं. सगळ्यात मोठी चूक हीच. पळायला वाट नसली की मांजर मिटवत नाही, घाबरतं. आणि त्या भीतीला पुढे समोरच्या मांजराचा चेहरा चिकटतो.

लागीर वगैरे काही नव्हतं. एका घरातली मांजरं एकमेकांना गाल, कुशी घासतात आणि सगळ्यांचा मिळून एक वास तयार होतो. ओळख त्या वासावर चालते. चिंगीच्या अंगाला स्पिरिट, आयोडीन आणि दवाखान्यातल्या परक्या जनावरांचा वास होता. भुलीमुळे चालही लटपटत होती. काळीच्या डोळ्यांना चिंगी दिसत होती, पण नाक म्हणत होतं परकी. अशा वेळी मांजर नाकाचं ऐकतं.

आधी चिंगीला तपासलं. टाके शाबूत. मानेवर दोन दातांची भोकं, केसांखाली झाकलेली. चाव्याचं भोक वरून लवकर बुजतं आणि आत दोन-चार दिवसांत पू धरतो, म्हणून केस कापून जखम धुतली, अँटिबायोटिक दिलं. सून तापाची गोळी घेऊनच उभी होती, लेकराची, पॅरासिटामॉल. तिला जागीच थांबवलं. त्या गोळीचा तुकडासुद्धा मांजराचा जीव घेऊ शकतो. गोचिडासाठी गुरांना लावायचं परमेथ्रिनचं औषधही मांजराला तसंच विषारी.

मग आजींचा हात दिसला. सोडवायला गेल्या होत्या, काळीचा दात लागून रक्त आलेलं, वर हळद दाबलेली. हळद धुवायला लावली आणि वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं घड्याळ लावून हात धुववला. त्याच दिवशी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. रक्त आलं असेल तर रेबीजच्या लसीसोबत जखमेत सिरमही लागतं. ते तिथले डॉक्टर ठरवतात. कातडीत देतात त्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. "घरचीच मांजर हाय जी" हे कारण इथे चालत नाही. घरची मांजरं रात्री कुठे जातात हे कोणत्याच घराला माहीत नसतं.

मांजरांचं काम त्यानंतर सुरू झालं. चिंगीला कोठीच्या खोलीत ठेवलं. दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलं, म्हणजे पंजा जात नाही आणि नजरानजर होत नाही. शी-शूसाठी घमेलं, पण टाके निघेपर्यंत त्यात वाळू नाही, फाडलेले वर्तमानपत्राचे कपटे. वाळू आणि राख ओल्या जखमेला चिकटते. टाके निघाल्यावर चाळलेली कोरडी वाळू, चार बोटं. घरात कोंडलेल्या मांजरांसाठी घमेली मांजरांपेक्षा एक जास्त, आणि एकाच कोपऱ्यात रांगेने मांडायची नाहीत. नाहीतर एक मांजर वाटेत बसून दुसऱ्याला अडवतं.

चिंगीला आंघोळ घालू नका हे दोनदा सांगितलं. घरचा उरलासुरला वासही त्यात जातो, आणि टाक्यांना पाणी नकोच. त्याऐवजी जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे घेतले. काळीच्या गालावरून, डोळा आणि कानाच्या मधल्या जागेवरून फिरवलेला तुकडा चिंगीच्या ताटलीखाली. चिंगीचा काळी-भुऱ्याच्या ताटल्यांखाली. रोज नवा तुकडा. हुंगून फिसकारलं तर तुकडा ताटलीपासून दूर सरकवायचा. न फिसकारता जेवलं तर पुढची पायरी.

पुढची पायरी म्हणजे बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. ताटली दारापासून सहा फुटांवर, रोज वीतभर पुढे. दूध-भाकरीवर काम भागत नाही; मोठ्या मांजरांना बहुतेकदा दूध पचतही नाही. उकडलेलं अंडं कुस्करून दिलं. खाणं एवढं आवडीचं हवं की दारापलीकडच्या वासाकडे दुर्लक्ष व्हावं.

पाचव्या दिवसापासून खोल्यांची अदलाबदल. तासभर चिंगी माजघरात, बाकी दोघं कोठीच्या खोलीत, समोरासमोर न आणता. आठव्या दिवशी दार उघडलं, पण चौकटीत सुतळीची बाज उभी बांधून. भोकांतून पंजा जातो म्हणून बाजेवर मच्छरदाणी दुहेरी, आणि वरची मोकळी जागा चादरीने बंद. बाजेच्या दोन्ही बाजूंना ताटल्या, पुन्हा सहा फुटांपासून.

नवव्या दिवशी फोन आला. नातवाने चादर काढली, भुऱ्या वरून गेला. जखम झाली नाही, पण चिंगी कोठीमागून निघेना. मग तीन दिवस पुन्हा पहिल्या पायरीवर: दार बंद, नुसते लुगड्याचे तुकडे. घरच्यांना हे पटायला जड गेलं.

फोनवरच आणखी एक गोष्ट कळली. गावातला एक उनाड बोका रोज पहाटे सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, खांबावर उभ्याने मुतून जायचा, आणि आतून खिडकीतून तो दिसला की भुऱ्या जवळच्या मांजरावर राग काढायचा. सून खांब फिनाईलने पुसायची. फिनाईल मांजराच्या पायाला लागून चाटण्यात गेलं तर विषबाधा, आणि त्या उग्र वासावर भुऱ्याही मुतू लागला होता. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला कागद चिकटवला, खांब कपड्यांच्या पावडरच्या कोमट पाण्याने दोनदा धुतला. मात्र बोका बसून कुंथत असेल आणि थेंबथेंबच येत असेल तर तो खुणा करत नाही, त्याची लघवी अडलेली असते. तिथे दुपारपर्यंतसुद्धा थांबू नये.

सोळाव्या दिवशी बाज काढली. पाच मिनिटं, दोन माणसं, दोघांच्या हातात सूप. टक लावून बघणं, कान मागे पडणं, शेपटी फुगणं यातलं काही दिसलं की दोघांच्या नजरेच्या मधे सूप सरकवायचं. हात घालायचा नाही, पाणी फेकायचं नाही, ओरडायचं नाही. तिसऱ्या दिवशी काळीने चिंगीचं डोकं चाटलं.

भुऱ्या अजून कोठीवर बसतो, त्या दोघी खाली. तसं राहिलं तरी चालेल. एकमेकांची वाट न अडवता ये-जा झाली म्हणजे झालं. काळी आणि भुऱ्याची नसबंदी आता एकाच दिवशी ठरली आहे, वेगवेगळ्या क्रेटांत, म्हणजे दोघं एकच वास घेऊन परततील. त्या वेळी चिंगीला कुठे ठेवायचं ते आजींनी आधीच सांगून टाकलं: "कोठीच्या खोलीत, अन् गोणपाट लावून."