कुलपाचं माप

"लेकरा, समद्याचं माप घेतलंस, कुलपाचं नाही घेतलं?"

टेप हातातच राहिला. बीडकडच्या एका गावात आज जुन्या वाड्याचं दार मोजत होतो. शेजारच्या आजी तासभर उंबऱ्यावर बसून माझा उद्योग बघत होत्या. (चहाही त्यांनीच पाजला.)

वाड्याचे मालक पुण्यात. माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, पावसाआधी पांढरी माती टाकावी लागते. घरात माणूस नसलं की आधी छत गळतं, मग तुळया कुजतात. हे मी वर्गात शिकवतो. माझ्या नकाशात मात्र कुलूप कुठंच नाही.

"आजी, तुमचं घर?"

"ते काय, पत्र्याचं. दिवाळी झाली की त्यालाबी कुलूप. पोरगं-सून ऊस तोडायला, मी लेकरं सांभाळायला संगं. तिकडं झोपडीवानी कोपी घालून राहायचं."

तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली. स्थलांतरावर बोलताना आम्ही हेच सांगतो.

हंगाम संपला की मोडणाऱ्या त्या कोपीचं माप कुणी घेतलंय का?

परतताना कुलूप मोजलं. साडेतीन इंच. वहीत कुठल्या रकान्यात लिहू?