लुपेच्या पापींची बोट

बुधवार, रात्र

"त्यांना खोटी आशा कशाला लावतेस?" ताई एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. तेव्हापासून कशातच लक्ष नाही. अण्णा म्हणत होते, पाऊस लागायच्या आत गावच्या घराच्या पडवीची कौलं चाळून घ्यायला हवीत. मी म्हटलं, "हो अण्णा, मे महिन्यात जाऊन करून घेऊ." यात खोटी आशा कुठे आली?

माझ्या आवडत्या कादंबऱ्यांतली लुपे सोलानो तरी दुसरं काय करते? वडिलांच्या परतीच्या स्वप्नाला तीही मान डोलावते. मायामीतली खासगी गुप्तहेर, भल्याभल्यांना प्रश्न विचारून घाम फोडणारी. तिचे वडील, पापी, श्रीमंत बिल्डर, पण जीव सगळा क्युबात. घरामागच्या धक्क्यावर त्यांची बोट कायम तयार असते. क्युबाचा हुकूमशहा कॅस्ट्रो गेल्याची बातमी आली की तडक हवानाला निघायचं. तीन मुलींची नावं लूर्द, फातिमा, ग्वादालुपे (म्हणजेच लुपे). तिन्ही मेरीमातेची तीर्थस्थानं. त्यातली लूर्द तर ननच झाली. तेव्हा श्रद्धेच्या घरात श्रद्धा कुणी मोडायची?

लेखिका कॅरोलिना गार्सिया-आगिलेरा स्वतः हवानात जन्मलेली. क्रांतीनंतर लहानपणीच तिला देश सोडावा लागला. पुढे मायामीत तिनं खरोखरच गुप्तहेर म्हणून कामही केलं. म्हणून पापींची ती बोट मला मनानं रचलेली वाटत नाही. असे वडील तिनं जवळून पाहिले असणार.

मला आज पुन्हा पुन्हा आठवतंय ते 1996 सालचं पहिलं पुस्तक, 'ब्लडी वॉटर्स'. दत्तक घेतलेली एक लहान मुलगी आजारी आहे, तिला अस्थिमज्जा हवी, त्यासाठी जन्मदात्या आईला शोधायचं. तो माग लुपेला चोरून, समुद्रातून, क्युबाला नेतो. वडील ज्या किनाऱ्यासाठी झुरतात, तिथे मुलगी कामासाठी जाऊन येते! ते वाचताना घशाशी आलं होतं. आपण गावी जाऊन आलो आणि अण्णा मात्र गुडघ्यांमुळे इथेच खुर्चीत, असं झालं तर त्यांना सांगायचं कसं? तो विषय नको आत्ता.

रोज समोर बसून ऐकते मी. तेच आंब्याचं झाड, तोच बांध, तेच शेजाऱ्यांचं कुंपण. ताईला लांबून सगळं स्वच्छ दिसतं. माझ्या वाट्याला 'हो' म्हणणं येतं आणि वर बोलणीही मीच खायची. कुणी विचारत नाही मला काय वाटतं ते.

कॅस्ट्रो 2016 च्या नोव्हेंबरात गेला. त्या रात्री मायामीत काये ओचोवर, तिथल्या क्युबन वस्तीतल्या रस्त्यावर, लोक भांडी बडवत उतरले होते. लुपेची पुस्तकं तोवर थांबलेली, त्यामुळे पापींनी काय केलं ते कळायला मार्ग नाही. मी मनातल्या मनात कितीदा तरी त्यांना बोटीवर चढवलंय. क्युबाचं सरकार काही बदललं नाही, मग ते निघाले असते का? मला वाटतं, त्यांनी टाकी भरलेली आहे ना ते पुन्हा एकदा तपासलं असतं आणि पुढच्या वर्षाबद्दल बोलू लागले असते. आणि लुपेनं मान डोलावली असती. मला तिचं ते मान डोलावणं पटतं. आज जास्तच पटलं. अण्णा कौलांबद्दल बोलतात तेव्हा त्यांचा आवाज भरदार होतो, हात हलायला लागतात, औषधाची कटकट होत नाही. तेवढा वेळ ते घरात असतात, त्यांच्या घरात.

ताईलाही हे तोडायचं नसेल. तिला भीती वाटत असेल, दुसरं काही नाही.

आता लुपेचंच 'बिटर शुगर' पुन्हा काढलंय. त्यात पापींच्या जुन्या मित्राचा क्युबातला साखर कारखाना आहे, सरकारनं कधीच ताब्यात घेतलेला, आणि तोच विकत मागणारं कुणीतरी उगवतं. ताई इंग्रजी कादंबऱ्यांच्या वाटेला जात नाही. रविवारी ती आली की मीच तिला सगळी गोष्ट सांगणार आहे, पापींपासून.