आमची वाटचाल : खाडीकाठची वाडी आणि विहिरीचा हिशेब

मुंबईतल्या मनोरीला खाडीकाठी पाहुण्यांसाठी निवास चालवायचा, तर खोल्यांच्या आधी विहिरीचा हिशेब मांडावा लागतो. इथे जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली की खालचं खारं पाणी चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकतं. आमचा पहिला पंप दीड अश्वशक्तीचा, तासभर सलग चालायचा आणि एप्रिल येईतो पाणी मचूळ. आता अर्ध्या अश्वशक्तीचा पंप २० मिनिटं चालू आणि तासभर बंद, असा रात्रभर टाकी भरतो. दर सोमवारी टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते, मोजतो. आकडा १००० च्या वर गेला की आंब्याला पागोळ्यांच्या टाकीतलं पाणी.

आंबा खारं सोसत नाही. पानाचं टोक करपतं आणि तपकिरी रंग कडेकडेने आत सरकतो. त्यात म्युरेट ऑफ पोटॅश हे खत घातलं तर क्लोराइडची भर पडते, म्हणून आंब्याला सल्फेट ऑफ पोटॅशच. माडाला मात्र म्युरेट मानवतं.

लावणीचा क्रमही वाऱ्याने ठरवला. पश्चिमेला उंडी आणि भेंड, दोन ओळी, एकीच्या फटीत दुसरीचं झाड. त्यामागे २५ फुटांवर माड, मग ३३ फुटांवर काळी पत्ती चिकू आणि घराच्या आडोशाला हापूस. चिकूचं कलम रायणीवर बांधलेलं घ्यावं, सांधा मातीच्या वर ठेवावा. सांध्याखालून फुटलेली रायणीची फूट वेळीच खुडली नाही, तर वरचा चिकू मागे पडतो.

सर्वात जास्त त्रास गेंड्या भुंग्याने दिला. नवी झावळी उलगडली की कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसते, कारण भुंगा कोंभात शिरतो तेव्हा ती आत मिटलेली असते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात पडलेली माडाची खोडं पावसाळाभर तशीच राहिली आणि त्यातच भुंग्याची पैदास झाली. दुसरं घर निघालं आमच्याच स्वयंपाकघराच्या ओल्या कचऱ्याचा खतखड्डा. बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या तिथे वितभर खाली सापडतात. आता खड्डा दर दोन महिन्यांनी उपसून अळ्या वेचतो, वर अळ्यांना मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळतो. माडावर चढणारा गडी भोकात तारेचा आकडा घालून भुंगा ओढून काढतो आणि वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड नि दुप्पट वाळू भरतो. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, हे चुकवून चालत नाही.

वटवाघळांसाठी झाडावर जाळं टाकणं आम्ही बंद केलं. त्यात दयाळ अडकतो, धामण अडकते, आणि धामण गेली की उंदीर वाढतात. हाताशी येणाऱ्या चिकूंना कापडी पिशव्या बांधतो. शेंड्यावरची फळं वटवाघळांची.

काठावरच्या तिवरांना तर हातच लावायचा नाही. २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितला आहे, आणि भरतीची धूपही तिवरंच थोपवतात. चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी मुळं त्यांची श्वासमुळं असतात. त्यांवर राडारोडा पडला की झाड गुदमरून मरतं. म्हणून भांड्यांचं पाणी खाडीत जात नाही, कर्दळीच्या वाफ्यातून मुरतं. उष्ट्याच्या डब्यांना घट्ट झाकणं, नाहीतर कुत्री जमतात आणि तिवरांतले कोल्हे दूर जातात. बाहेरचे दिवे पिवळे, खाली तोंड केलेले, रात्री दहाला बंद.

पाहुण्यांना ओहोटीला धक्क्यावर नेतो. दहा मिनिटं न हलता उभं राहावं लागतं. आधी निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, चिखलावर सरपटू लागतात, मग एक नांगी मोठी असलेले खेकडे बिळांतून निघतात, आणि त्यांच्यावर डोळा ठेवून खंड्या समोरच्या फांदीवर येऊन बसतो.