‘शुड’ म्हणजे प्रत्येक वेळी ‘पाहिजे’ नव्हे

इंग्लंडात राहायला आलं की पत्रं वाचायची सवय लावून घ्यावीच लागते. दवाखान्याचं पत्र, बँकेचं पत्र, घरभाड्याच्या एजंटाचं पत्र. मजकूर बहुतेक सरळ असतो. पण शेवटाकडे एक वाक्य हमखास येतं: ‘शुड यू हॅव एनी क्वेश्चन्स, प्लीज कॉन्टॅक्ट अस.’ मराठी माध्यमातून शिकून आलेला माणूस नेमका इथं थांबतो.

माझा भाचा सांगलीत विश्रामबागला राहतो. त्याला इकडच्या एका विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं. त्यात होतं, ‘शुड यू विश टू डिफर युअर एन्ट्री, प्लीज इन्फॉर्म अस.’ त्याचा लगेच फोन. ‘मावशी, प्रवेश पुढच्या वर्षावर ढकला म्हणायलेत का हे?’ आवाजात काळजी होती. घरात कर्जाची बोलणी चाललेली, बॅगेची यादी तयार, आणि त्यात हे वाक्य.

त्याची शंका अगदी रास्त होती. शाळेत आपण ‘शुड म्हणजे पाहिजे’ असं घोकलेलं असतं. शिवाय ‘शुड यू’ अशी सुरुवात दिसली की प्रश्न विचारलाय असं वाटतं, कारण क्रियापद कर्त्याच्या आधी आलं की प्रश्न, हेही शाळेतच शिकवलेलं. इथं मात्र सल्लाही नाही आणि प्रश्नही नाही. वाक्य मुळात ‘इफ यू शुड विश’ असं आहे. त्यातलं ‘इफ’ काढून टाकलं आणि ‘शुड’ उचलून कर्त्याच्या आधी ठेवलं, एवढंच. म्हणजे ‘प्रवेश पुढं ढकलायचाच असेल, तर कळवा’.

त्या ‘ढकलायचाच’मधला ‘च’ नीट बघा. ‘इफ यू विश’ म्हणजे ‘असेल तर’, आणि ‘शुड यू विश’ म्हणजे ‘असेलच तर’. शक्यता थोडी आहे, पण सोय करून ठेवलीय. इतका जवळचा मेळ व्याकरणाच्या पुस्तकात मला कुठं वाचायला मिळाला नव्हता, आणि तो सापडल्यापासून ही वाक्यं मला परकी वाटत नाहीत.

असं कर्त्याच्या आधी जाऊन बसणारे शब्द आजच्या इंग्रजीत तीनच: शुड, वेअर (were) आणि हॅड. भाच्याला मी ते कृष्णेच्या पाण्यावरून सांगितले. जुलै-ऑगस्टात सांगलीकर जर-तरमध्येच जगतो. कोयनेतून विसर्ग वाढला तर काय, आयर्विन पुलापाशी पाणी फूटपट्टीवर कुठं टेकलं तर काय. 40 फूट ही इशारा पातळी, 45 ही धोका पातळी, हे लहान पोरालाही पाठ असतं.

‘शुड द वॉटर रीच 40 फीट, वी विल शिफ्ट.’ पाणी 40 फुटांवर आलंच, तर आपण हलू. हे होऊ शकतं.

‘वेअर द ब्रिज टू क्लोज, ट्रॅफिक वुड गो बाय द बायपास.’ समजा पूल बंद झाला, तर वाहतूक बायपासनं जाईल. हा नुसता विचार करून बघणं आहे, म्हणून पुढं ‘विल’ऐवजी ‘वुड’. इथं एक काटेकोरपणा आहे. बोलताना इकडचे लोक ‘इफ आय वॉज’ सर्रास म्हणतात, पण ‘इफ’ काढून उलटं करायचं झालं की ‘वेअर’च लागतं. ‘वॉज आय’ म्हटलं की तो प्रश्न होतो.

आणि तिसरं: ‘हॅड द वॉटर स्टॉप्ड अ‍ॅट 45 फीट, अवर हाऊस वुड हॅव स्टेड ड्राय.’ पाणी 45 वर थांबलं असतं, तर आमचं घर कोरडं राहिलं असतं. ते थांबलं नाही. ऑगस्ट 2019 मध्ये ते 57 फुटांच्या वर गेलं. हे वाक्य सांगितल्यावर भाचा थोडा वेळ गप्प झाला. व्याकरण त्याला तेव्हा पक्कं कळलं असावं, कारण त्या ‘असतं तर’मध्ये आमच्या घरातल्या सगळ्यांचा जीव अडकलेला आहे.

नकार आला तर ‘नॉट’ कर्त्यानंतर, सुटा ठेवायचा: ‘हॅड इट नॉट रेन्ड’. ‘हॅडन्ट इट रेन्ड’ असं जोडून चालत नाही. आणि ‘इफ’ गेलं म्हणजे गेलंच, ‘इफ हॅड आय’ कुठंच बसत नाही. आपणही ‘जर’ सहज गाळतो, पण ‘तर’ कधी सोडत नाही. इंग्रजीत त्या ‘तर’चं काम बऱ्याचदा स्वल्पविरामावर भागतं, म्हणून वाचताना त्याच्या पलीकडं जाईपर्यंत अर्थ लावायची घाई करू नये. ऐकताना सूर ऐकावा. प्रश्न असेल तर शेवटी सूर बहुधा चढतो, इथं तो पुढचं वाक्य येणार म्हणून नुसता टांगलेला राहतो.

खरं तर अशी उलटापालट आपल्याला अगदीच नवी नाही. दहावीला ‘नो सूनर डिड… दॅन’ची वाक्यं आपण वह्या भरून लिहिली. तिथंही क्रियापद पुढं येतंच. शर्तीच्या वाक्यांची ही ओळख तेव्हाच त्याच्या शेजारी करून दिली असती, तर परदेशी निघालेल्या कितीतरी मुलांचा जीव पत्र वाचून टांगणीला लागला नसता. परीक्षेच्या गुणांपलीकडं याचा उपयोग आहे, हे शिकवणाऱ्यांनी मनावर घ्यावं असं मला फार वाटतं. जर्मन भाषेतही अशीच रचना आहे. इंग्रजीत ती आता मुख्यतः कागदावर उरलीय, ‘हॅड आय नोन’ तेवढं अधूनमधून बोलण्यातही ऐकू येतं.

म्हणून ही वाक्यं वाचता आली पाहिजेत, बोलण्यात आणायची सक्ती नाही. हॉस्पिटलच्या वॉर्डात कुणी मला ‘शुड यू रिक्वायर असिस्टन्स’ म्हणत नाही, ‘इफ यू नीड एनीथिंग, जस्ट शाउट’ म्हणतात. भाच्यानं विद्यापीठाला उत्तर लिहिलं तेही साध्या ‘इफ’नंच: राहण्याची खोली सप्टेंबरआधी मिळाली तर बरं होईल, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. खोली मिळतेय, आणि खाली पुन्हा ‘शुड यू हॅव एनी फर्दर क्वेश्चन्स’. या वेळी त्याचा फोन आला तो फक्त खोलीचं भाडं सांगायला.