पाण्यावर उडणारं रॉकेट

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर पहिले आठवले ते नववीला विज्ञान शिकवणारे आमचे सर.

१५ ऑक्टोबर १९९४ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही हे इस्रोचं उपग्रह सोडणारं रॉकेट उडालं. आदल्या वर्षी, सप्टेंबर १९९३ मध्ये, त्याचं पहिलंच उड्डाण फसून ते बंगालच्या उपसागरात कोसळलं होतं. या वेळी मात्र सुमारे ८०० किलोचा उपग्रह कक्षेत पोहोचला. सरांनी पेपरातलं कात्रण फळ्याशेजारी टाचलं. दिवाळी तोंडावर आली होती. काही मुलांनी सुतळी बॉम्बची दारू काढून नळकांड्यात भरायचा बेत आखला आणि तो सरांच्या कानावर गेला. सर आवाज न चढवता म्हणाले, “दारूला हात लावायचा नाही. गेलेली बोटं परत येत नाहीत. सुट्टीनंतर आपण पाण्यावर रॉकेट उडवू.”

आणि उडवलं. सामान घरोघरचंच. कुणाच्या तरी लग्नातून आलेली शीतपेयाची प्लॅस्टिकची मोठी बाटली, सायकलचा पंप आणि जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. प्रयोगशाळेतलं रबरी बूच सरांनी स्वतः भोक पाडून दिलं. शेपटीच्या पंखांसाठी वहीचा पुठ्ठा घेतला असता, तर तो पहिल्याच उड्डाणात भिजून लोळागोळा झाला असता. म्हणून एक्स-रेची जुनी फिल्म कापली आणि तीन पंख चिकटपट्टीने बसवले. टोकाला कागदाची टोपी, तिच्या आत मातीचा गोळा.

तो गोळा कशासाठी, हे सरांनी सांगितलं नाही, करून दाखवलं. बाटली ज्या जागी तोलली जाते तिथे दोरा बांधून ती डोक्याभोवती गरागरा फिरवली. गोळा नसताना बाटली वेडीवाकडी फिरायची. गोळा घातल्यावर टोक पुढे करून सरळ जायला लागली. वजन पुढे आणि पंख मागे असले की वारा शेपटीला मागे धरून ठेवतो. हे मी नंतर पुस्तकात वाचलं, पण समजलं होतं ते त्या दोऱ्यामुळे.

मैदानावर तीन विटांच्या आधाराने बाटली उलटी उभी करायची. सगळे मागे, बाटलीवर कुणीही वाकायचं नाही, बूच निघत नसलं तरीही नाही. लांब नळीच्या टोकाला एकजण पंप मारायचा. आत दाबलेली हवा एका क्षणी बूच ढकलून द्यायची, पाण्याचा फवारा खाली आणि बाटली वर! न्यूटनचा तिसरा नियम आमच्या शर्टांवर ओला उमटायचा.

सरांची खरी शिकवण इथून पुढची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पंख तेच, गोळा तोच, फक्त पाणी कमी-जास्त. नुसती हवा भरली तर बाटली जेमतेम उडायची, कारण मागे फेकायला वजनच नाही. काठोकाठ पाणी भरलं तर दाबायला हवेला जागा नाही. साधारण एक तृतीयांश पाण्याला ती सर्वांत उंच जायची.

“उंच म्हणजे किती?” हा सरांचा पुढचा प्रश्न. कंपासपेटीतल्या कोनमापकाला बॉलपेनची रिकामी नळी चिकटवली, मध्यावरून दोऱ्याला नट लोंबकळत सोडला. उड्डाणाच्या जागेपासून ३० मीटरवर उभं राहून नळीतून बाटलीचा माथा धरायचा आणि दोरा कुठे आला ते वाचायचं. त्रिकोणमिती आम्हाला आलेली नव्हती, तेव्हा आलेख कागदावर प्रमाणात त्रिकोण काढायचा. ३० अंशाचा कोन आला की उंची साधारण १७ मीटर, त्यात बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची मिळवायची. आमच्या दुमजली शाळेच्या दुपटीहून जास्त! तो आकडा आम्ही स्वतः काढला होता, म्हणून त्याचा अभिमान वेगळाच होता.

पुढे मी अभियांत्रिकी केली आणि कारखान्यात चाचणी विभागात आलो. एखादं यंत्र बिघडलं की नव्या मुलांना मी आजही म्हणतो, एका वेळी एकच गोष्ट बदला. वाक्य सरांचं आहे हेही सांगतो.

महोत्सवाच्या निमित्ताने शाळेकडे एक मागणं आहे. येत्या विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, आठवी-नववीच्या मुलांसाठी मैदान अर्धा दिवस मोकळं ठेवावं. पंप, व्हॉल्व्ह आणि पंखांची फिल्म आमची बॅच आणेल. बाटल्या आणि कोनमापक मुलांनी घरून आणावेत, आणि मोजमापाची वही त्यांचीच असावी.