आधी दोन घड्याळं जुळवा

अंतराळ आणि काळप्रवासाची कादंबरी कशी लिहावी, असं तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. अशी कादंबरी लिहायला घेतलेले बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: सुरुवात कुठून करू, यानापासून की पात्रांपासून? माझं उत्तर ठरलेलं आहे, वहीपासून. पहिलं प्रकरण लिहिण्याआधी दोन घड्याळांचा हिशेब मांडा, एक यानातलं आणि एक पृथ्वीवरचं, कारण प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणाऱ्या यानात काळ हळू चालतो. अशा कादंबऱ्या बहुतेक वेळा तारखांवर अडखळतात. तिसऱ्या प्रकरणात चाळिशीची असलेली आई दहाव्यात किती वर्षांची, हे लेखकालाच ठाऊक नसतं, आणि चाणाक्ष वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. प्रॉक्सिमा सेंटॉरी हा सूर्यानंतरचा आपल्याला सर्वांत जवळचा तारा, अंतर ४.२४ प्रकाशवर्षं. यान अर्ध्या वाटेपर्यंत १ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतक्या, त्वरणाने वेग वाढवत जातं, मग तोंड फिरवून उरलेली अर्धी वाट तितक्याच जोराने वेग कमी करतं. १ जी घ्यायचं कारण असं, की यानातल्या माणसांना पृथ्वीवर असतं तेवढंच वजन जाणवतं, चहा कपातच राहतो. या प्रवासात यानात सुमारे ३ वर्षं साडेसहा महिने जातात आणि पृथ्वीवर ५ वर्षं साडेदहा महिने. मध्यावर वेग प्रकाशाच्या ९५ टक्क्यांपर्यंत पोचतो.

हे आकडे काढायला पदवी लागत नाही, साधी एक्सेलची शीट पुरते. पहिल्या रकान्यात यानातली वर्षं लिहा आणि त्यांना ०.९७ ने (१ जी त्वरणासाठीचा हा ठरलेला आकडा) भागा. आलेल्या संख्येची हायपरबोलिक साइन (एक्सेलमध्ये SINH) काढून तिला पुन्हा ०.९७ ने गुणलं की पृथ्वीवरची वर्षं मिळतात. त्याच संख्येच्या हायपरबोलिक कोसाइनमधून (COSH) १ वजा करून ०.९७ ने गुणलं की प्रकाशवर्षांत अंतर. ही सूत्रं फक्त मध्यापर्यंत चालतात. पुढची अर्धी वाट पहिलीचं आरशातलं प्रतिबिंब समजून उलट क्रमाने मोजायची. इथे घाई करून तेच सूत्र शेवटपर्यंत ओढलं, की यान थांबायच्या ऐवजी ताऱ्यापाशी भरधाव वेगाने पोचतं.

खरी गंमत पत्रांत आहे, आणि कादंबरीचा जीवही तिथेच असतो. समजा, मुलगी यानात आहे आणि आई पृथ्वीवर. आईने यान निघाल्यावर सहा महिन्यांनी रेडिओवरून पाठवलेलं पत्र यानाला गाठतं तेव्हा यानातल्या घड्याळात साडेआठ महिने झालेले असतात. इथवर ठीक. पण पहिल्या वर्षाच्या शेवटी पाठवलेलं पत्र मिळतं यानातल्या अडीच वर्षांनी. मधले सहा महिने पृथ्वीवर साधेच गेले, यानात मात्र वाट पाहण्यात जवळजवळ दोन वर्षं निघून गेली. पोचल्या दिवशी हाती आलेलं सर्वांत ताजं पत्र यान निघाल्यापासून १ वर्ष साडेसात महिन्यांनी लिहिलेलं असतं. मुलगी साडेतीन वर्षांनी मोठी झालेली आणि तिला घरची खबर फक्त पहिल्या वीसेक महिन्यांची. यान मध्यावर वळलंच नाही, १ जीने पुढेच जात राहिलं, तर पृथ्वीवर जेमतेम वर्ष होण्याआधीच असा दिवस येतो, की त्यानंतर पाठवलेलं कोणतंही पत्र यानाला कधीच गाठत नाही. इतकं दुःख गणितातून आयतं मिळत असताना वेगळा खलनायक कशाला हवा, असं मला मनापासून वाटतं.

बाकीच्या चुका झटपट सांगते. प्रकाशाच्या निम्म्या वेगाने काळ फार मंदावत नाही. यानात १० वर्षं गेली तर पृथ्वीवर साडेअकरा. फरक डोळ्यांत भरावा असं वाटत असेल तर ९९ टक्के वेग घ्या, तिथे १ वर्षाची ७ होतात. इंधनाचंही तसंच. वर सांगितलेल्या एकेरी प्रवासात द्रव्य आणि प्रतिद्रव्याचं (अँटिमॅटर) शंभर टक्के प्रकाशात रूपांतर करणारं आदर्श इंजिन धरलं, तरी पोचणाऱ्या प्रत्येक किलोमागे सुमारे ३८ किलो इंधन लागतं. परतीचं इंधन सोबत न्यायचं असेल तर हा आकडा हजारावर जातो, म्हणून परतीचा विचार आधीच करा. मध्यावर यान वळतं तेव्हा इंजिन बंद असतं आणि सगळं तरंगू लागतं. त्या दिवसाला एक प्रसंग द्याच.

आता भूतकाळात जाणं. त्यासाठी कृमिविवर, म्हणजे वर्महोल, अवकाशातल्या दोन जागा जोडणारा कल्पित बोगदा, हा मार्ग सर्वांत नीट तपासलेला आहे. १९८८ साली भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की विवराचं एक तोंड वेगाने फिरवून आणलं तर त्याचं कालयंत्र होऊ शकतं. ते उघडं ठेवायला ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा लागते, आणि एवढी सवलत कादंबरीने घ्यायला हरकत नाही. आपल्याच उदाहरणातल्या यानातून एक तोंड प्रॉक्सिमापर्यंत नेऊन लगेच परत आणा. पृथ्वीवर ११ वर्षं ९ महिने झाले, त्या तोंडाच्या घड्याळात ७ वर्षं १ महिना. दोन्ही तोंडांची घड्याळं आतल्या वाटेने कायम जुळलेली राहतात, त्यामुळे फिरून आलेल्या तोंडात शिरणारा माणूस घरच्या तोंडातून ४ वर्षं ८ महिने आधी बाहेर पडतो. एका खेपेत त्याहून मागे जाता येत नाही, आणि यंत्र तयार होण्यापूर्वीच्या काळात तर मुळीच नाही. नायकाला आजोबांच्या लग्नाला पाठवायचं असेल, तर यंत्र आजोबांच्या लग्नाआधी कोणीतरी बनवून ठेवलेलं हवं. ते कोणी, हाच कथेचा विषय होऊ शकतो.

विवराऐवजी खोलीतलं यंत्र घेतलंत, तर एक अडचण आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर फिरते, म्हणजे तासाभरात १ लाख ८ हजार किलोमीटर. तासभर मागे गेलेला माणूस ‘त्याच जागी’ उतरतो, तर ती जागा कशाच्या संदर्भात तीच? अवकाशात स्थिर खुंटी नाही. यंत्र पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाला बांधलेलं आहे, असं एका वाक्यात सांगून टाका आणि तो नियम पुढे मोडू नका.

घडून गेलेलं बदलतं की नाही, हेही आधीच ठरवा. रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोविकॉव यांच्या मांडणीप्रमाणे भूतकाळात जाऊन जे काही कराल ते इतिहासात आधीपासूनच घडलेलं असतं. दुसऱ्या वाटेने प्रत्येक ढवळाढवळ इतिहासाला नवी शाखा फोडते. पहिली वाट लेखकाला छळते, कारण एकही धागा सैल सोडता येत नाही. मला तीच अधिक समाधान देते. दुसरी सोपी, पण शाखा अगणित असतील तर या शाखेतल्या मरणाने वाचकाने का हळहळावं, याचं उत्तर तयार हवं.

वहीत म्हणून सहा रकाने पाडा: यानातली तारीख, पृथ्वीवरची तारीख, अंतर, वेग, प्रत्येक पात्राचं वय, आणि त्या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे. पत्र असेल तर पाठवल्याची तारीख एका ओळीत आणि मिळाल्याची दुसऱ्या ओळीत लिहा. प्रत्येक संवाद लिहून झाला की शेवटचा रकाना ताडून पाहा. पात्राने न मिळालेल्या पत्रातलं वाक्य उच्चारलेलं तिथेच सापडतं.